ओवाळलेली मतं

"तेल काय नळाला येतंय का, रोज एकाला ओवाळायला?"

सिताबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटली. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते म्हणून मला ऐकू आलं, बाकी कुणाला नाही. ताटातला दिवा दोनदा विझला होता. तिसऱ्यांदा काडी ओढताना तिनं ज्याच्याकडं बघितलं तो माझा दीर, कुमार. पायरीखाली छाती काढून, कपाळ पुढं करून, डोळे मिटून उभा होता. नवरदेवसुद्धा इतका मन लावून उभा राहत नाही.

जिला निवडणुकीला उभं केलं होतं ती त्याची बायको, माझी धाकटी जाऊ अक्षदा, दोन कार्यकर्त्यांच्या आणि एका हलगीवाल्याच्या मागं होती. सिताबाईनं कुमारला कुंकू लावलं, ओवाळलं, मग मान वाकडी करून मागं बघितलं.

"अगं अक्षदा, तूबी आलीस व्हय? ये, ये."

तोवर दिवा परत विझला होता. अक्षदाला नुसत्या कुंकवावर भागवावं लागलं.

"फोटो घेतला का?" कुमारनं विचारलं. घेतला होता. त्यात कुमार होता, ताट होतं, सिताबाईचा हात होता. अक्षदाचं एक कोपर आलं होतं. तोच फोटो दुपारी कुमारनं स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'माता-भगिनींचा उदंड प्रतिसाद.'

आमच्या पंचायत समितीच्या गणाची जागा यंदा बायकांसाठी सुटली. सोडत निघाली त्या दिवशी कुमारचं तोंड कडू झालं, दोन दिवसांनी आपोआप गोड झालं. पांढरे कपडे त्यानं आधीच शिवून घेतले होते, ते वाया गेले नाहीत. अर्ज अक्षदानं भरला आणि गावात बातमी फिरली, कुमार उभा राहिला. सास्तूरच्या बाजारला गेले तर तिथली भाजीवाली म्हणते, "तुमचा दीर उभा हाय म्हणं?"

मी म्हणलं, "न्हाय, जाऊ उभी हाय."

"तेच की वो," ती म्हणाली आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली.

तेच नव्हतं. अक्षदा अंगणवाडीत मदतनीस होती. उभं राहायचं तर नोकरी सोडावी लागणार होती. कुमारनं कागद आणून पुढ्यात ठेवला, म्हणाला, "सही कर." तिनं केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीनं चांगली साडी नेसून, पदराला पिन लावून ओट्यावर आली आणि तिथंच थांबली.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"कुठंच न्हाय, अक्का," ती म्हणाली, आणि त्याच साडीवर भांडी घासायला बसली.

निवडून आली तर पाच वर्षं तिला घराबाहेर जायला कारण होतं, मान होता. पडली तर ती नोकरी परत मिळणार नव्हती. तिच्या जागेसाठी गावात तिघींनी कागदपत्रं गोळा करायला सुरुवातही केली होती. मधलं काही नव्हतं. कुमारचं तसं नाही. त्याला पडायची सवय आहे. मागच्या खेपेला पडला तेव्हा आठवडाभर पांघरूण घेऊन झोपला, मग उठून पुन्हा चौकात. बायकांना पडल्यावर चौक नसतो, परत चूल असते.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर गणित बसायचं. गणित मांडणारे आण्णासाहेब. आजवर त्यांनी ज्यांना 'येतोय' म्हणलं त्यातले निम्मे आले. उरलेल्या निम्म्यांना ते 'ऐनवेळी वारं फिरलं' म्हणतात. असं म्हणलं की माणूस कधीच चुकत नाही.

"खाल्ल्या गल्लीत किती घरांनी ओवाळलं?" त्यांनी विचारलं.

"झाडून सगळ्यांनी!" कुमार म्हणाला. "एक दार सुटलं न्हाय."

"मग झालं की. ओवाळलेला हात दुसऱ्या बटणाकडं जात न्हाय गड्या. खाल्ली गल्ली आपली."

मग समोरच्या पार्टीच्या उमेदवार शिवरंजनीताईंचा हिशोब सुरू झाला. पुरुषमंडळींनी तिच्या गाड्या मोजल्या, भाषण पाठ केलेलं आहे असं ठरवलं, साड्या भारी आहेत यावर जरा जास्तच वेळ घालवला. आण्णासाहेब म्हणाले, "हवा हाय, पण मुळं न्हाईत."

बायकांचं माप वेगळं. मला खाल्ल्या गल्लीतल्या एकीनं सांगितलं होतं, "शिवरंजनीताई गोड बोलती, म्हाताऱ्यांच्या पाया पडती. पण पाणी आपलं पीत न्हाय, बाटली घेऊन येती."

"मग?"

"मग काय. बाटली तर बाटली. नवरा तिचा पुण्याला असतो, इकडं दिसत न्हाय. त्यो एक मोठाच गुण हाय तिचा."

हे मी ओट्यावर सांगितलं नाही. चहा देता देता एवढंच विचारलं, "खाल्ल्या गल्लीत आत कुणी बोलावलं का?"

"कुठं आत?" कुमार म्हणाला.

"घरात. बसा म्हणलं का? पाणी दिलं का?"

आण्णासाहेब हसले. "वैनी, आमी प्रचाराला गेलतो का पाव्हणचाराला?"

सगळे हसले. माझा नवरा शिवप्पाही हसला, पण जरा उशिरा, आणि लगेच मोबाइलमध्ये बघायला लागला. शिवप्पा मोबाइलमध्ये बघायला लागला की समजावं, त्याला सगळं कळलेलं आहे.

आता ओवाळायचं म्हणाल तर आमच्याकडं कुणालाही ओवाळतात. जावयाला ओवाळतात, नव्या ट्रॅक्टरला ओवाळतात, बाजारातून आणलेल्या म्हशीलाही ओवाळतात. म्हैस काय निवडून येते? उलट ताट हातात असलं की बाईची सुटका होते. बोलावं लागत नाही, बसा म्हणावं लागत नाही. माणूस पायरीच्या खाली राहतो आणि खूश होऊन जातो. आणि आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसलेलं, गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. या टोकाला हलगी वाजली की त्या टोकापर्यंत ताटं तयार. जुन्या गावात म्हणे वळणं होती, उमेदवार अचानक अंगावर यायचा. आता लोकांना तयारीला वेळ मिळतो.

पुढं एका दिवशी लोहाऱ्याला बैठक निघाली. कुमार गेला, आण्णासाहेब गेले, गाडी, हलगी, उपरणी, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. जाताना कुमार कार्यकर्त्यांना म्हणाला, "आज प्रचार बंद. उमेदवारच गावात न्हाय तर कसला प्रचार?"

उमेदवार दारात उभी राहून हे ऐकत होती.

गाडी गेली. अक्षदानं चप्पल घातली. "अक्का, चला."

"कुठं?"

"खाल्ल्या गल्लीला."

हलगी नव्हती, त्यामुळं कुणाला पत्ता लागला नाही. सिताबाई दारात बसून सुपात तूर पाखडत होती. आम्हाला बघून तिनं आधी आमच्या मागं, पार गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली.

"मागं कोण न्हाय?"

"न्हाय," अक्षदा म्हणाली.

"खरंच न्हाय?"

"लोहाऱ्याला गेलेत."

सिताबाईनं सूप खाली ठेवलं. "मग उभ्या काय ऱ्हायलाव? आत या की."

आम्ही बसतोय तोवर शेजारच्या चौघीजणी आल्या. एकीनं येताना स्वतःच्या घरचं दूध आणलं, एकीनं घाट्यांनी लगडलेला ओल्या हरभऱ्याचा ढाळा आणला आणि आमच्यात टाकला. बोलता बोलता सगळ्या सोलायला लागल्या. अक्षदाचं चिन्ह कपाट. त्यावरून सुरू झालं.

"ए कपाट, हिकडं सरक की जरा."

"कपाटात काय काय ठिवणार हाईस गं?"

"तुझी सासू मावती का बघते," अक्षदा म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. आमच्या ओट्यावर ही बाई चार शब्द बोलत नाही. इथं पाय पसरून बसली होती.

"आन् चावी?" कोपऱ्यातली एक म्हणाली. "कपाटाची चावी कुणापाशी ऱ्हाणार ते सांग आदी."

पुन्हा सगळ्या हसल्या, पण हे हसू लवकर संपलं. जिनं विचारलं तिनंच ते सावरलं. मांडीवरच्या पोराला पुढं करून म्हणाली, "ह्याला हिनंच बोलाय शिकवलं. पयला शब्द आई न्हाय म्हणला मेला, खिचडी म्हणला."

मग कुणाच्या पोराचं वजन वाढलं, कुणाच्या पोरीला अक्षदानं स्वतः दवाखान्यात नेलं, असं बरंच निघालं. मी नुसती ऐकत होते. इतकी वर्षं एका चुलीवर राहून यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. ती घरी येऊन सांगायची नाही आणि आमच्या घरात कुणी विचारायचं नाही.

"नळाचं बघशील का गं?" सिताबाईच्या सुनेनं विचारलं.

"बघीन की. पयलं तेच बघीन."

सून सासूकडं बघायला लागली. सिताबाईनं एक घाटा सोलला, दाणा तोंडात टाकला नाही, हातातच धरला. "तुझं काय न्हाय गं बाई. तुला डोळे झाकून मत देऊ. पण..."

"पण काय, काकू?"

"पण त्यो पाईप फुटला त्या उन्हाळ्यापासून माणसं जरा..." आणि ती थांबली.

पाईप फुटला तो उन्हाळा. आमच्या गावात असंच म्हणतात. कुमार तेव्हा उपसरपंच होता. सोसायटीच्या निवडणुकीत खाल्ल्या गल्लीनं त्याचा माणूस पाडला, आणि आठवड्याच्या आत खाल्ल्या गल्लीचं पाणी गेलं. कुमारनं सांगितलं, पाईप फुटलाय. कुठं फुटला ते कुणी बघितलं नाही. रस्ता उकरला नाही, कुठं ओल दिसली नाही. नळाच्या पाण्याचा वॉल फिरवायचा लांब पाना तेवढा आमच्या दाराच्या मागं येऊन उभा राहिला. तो उन्हाळाभर तिथंच होता. सिताबाईची सून दिवस भरत आलेले असताना मळ्यातल्या विहिरीवरून घागरी आणायची. पाऊस लागला आणि पाईप आपोआप सांधला.

तेव्हा अंगणवाडीच्या टाकीला संध्याकाळी कुलूप नसायचं. अक्षदा म्हणे लावायचं विसरायची. रोज विसरायची. हे खाल्ल्या गल्लीला माहीत होतं आणि आमच्या घराला नव्हतं.

पण एवढं सोसूनही ती गल्ली आजपर्यंत 'पाईप फुटला' असंच म्हणते. ज्यांनी घागरी वाहिल्या त्याही. दुसरं काही म्हणायचं तर ते तोंडावर म्हणावं लागेल, आणि पाना पुन्हा कुणाच्या दारामागं जाईल ते काय सांगावं.

येताना अक्षदा म्हणाली, "अक्का, काकू 'पण'पाशी थांबल्या."

"ऐकलं मी."

"पुढं कुणीच बोलली न्हाय."

"कसं बोलतील? तू त्याची बायको."

"अक्का, खरं सांगा. येते का मी निवडून?"

"आज मतदान असतं तर आली असतीस."

"आन् मतदानाच्या दिवशी?"

माझ्या चपलेचा अंगठा निघाला होता. निदान मी तसं दाखवलं. वाकून तो नीट करत राहिले. ती माझ्यासाठी थांबली, पण तिनं प्रश्न काही परत विचारला नाही.

संध्याकाळी कुमार लोहाऱ्याहून आला तो हवेत तरंगतच. शेवटच्या दिवशी मोठी फेरी ठरली होती. उघडी जीप, फेटे, जेसीबीच्या बकेटातून फुलं उधळायची. जीपवर पुढं कुमार हात जोडून उभा राहणार, मागं बाकीचे.

"आन् शेवट खाल्ल्या गल्लीत करायचा," तो म्हणाला. "बालेकिल्ला हाय आपला. माता-भगिनी ओवाळतील, फुलं पडतील, व्हिडिओ असा होईल की शिवरंजनीताईचं डिपॉझिटच जाईल."

आण्णासाहेबांनी कपातला चहा हलवला. साखर केव्हाच विरघळली होती.

"खाल्ल्या गल्लीत त्या वक्ताला ऊन लई असतंय, कुमार," ते म्हणाले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. इतके दिवस ताटं मोजणाऱ्या आण्णासाहेबांनाही.

"उन्हाला काय भ्यायचं?"

"जीप वळायची न्हाय तिथं," शिवप्पा मोबाइलमधूनच बोलला.

"गल्ली सरळ हाय, दादा. वळायचं काय त्यात?"

मी म्हणलं, "भावजी, खाल्ल्या गल्लीत बायका-बायकांनीच फिरावं म्हणते मी. जागा बायकांची हाय. बरं दिसंल."

"आन् मी काय करू? घरी बसून भाकरी थापू?"

"थापा की. त्येवढंच शिकाल."

तो हसला. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. त्याचं हे एक आहे, चेष्टा त्याला कळते. चेष्टेच्या आतलं कळत नाही. पोरसवदा होता तेव्हापासून बघतेय मी त्याला. या घरात आले तेव्हा तो दहावीत होता, परीक्षेला जाताना माझ्या हातचं दही खाऊन जायचा. वाईट माणूस म्हणता येत नाही, आणि त्या उन्हाळ्याला दुसरं काही म्हणताही येत नाही. जवळच्या माणसाला असं दोन्ही हातांत धरणं लई अवघड असतं, म्हणून घरातले सगळे एक हात पाठीमागं ठेवतात.

अक्षदा त्या वेळी उंबऱ्याच्या आत उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ऊन, जीप, भाकरी, सगळं. कुणी काय बोललं त्यापेक्षा कुणी काय गाळलं ते ऐकत होती असं मला वाटलं.

फेरीच्या दिवशी सकाळपासून दारात गर्दी. जेसीबी आमच्या लिंबाच्या फांद्या मोडत उभा राहिला. हलगीवाले दोनाचे चार झाले होते. कुमारनं गुलाबी फेटा बांधला होता आणि तो त्याला शोभत होता, खोटं कशाला बोलू. जीपवर चढून त्यानं चारी बाजूंना हात जोडून बघितले, मग खाली वाकून बायकोपुढं हात केला.

"चल, बस मागं."

मागं लाउडस्पीकरची बॅटरी होती. तिच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा ठेवली होती.

अक्षदा जीपपाशी आली, पण हात धरला नाही. "मी चालत जाते."

"चालत? खाल्ल्या गल्लीपर्यंत? अगं लोक काय म्हणतील, उमेदवार जीपवर आन् बायको..." इथं कुमारला आपलंच बोलणं कुठंतरी अडलं. तो थांबला आणि पुन्हा म्हणाला, "चल, उशीर होतोय."

"आधी तुमी खाली उतरा," ती म्हणाली. "खाल्ल्या गल्लीला मी आन् अक्का जातो. तुमी येऊ नका."

हलगी थांबली. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावले. कुमार हसला, त्यानं आण्णासाहेबांकडं बघितलं. आण्णासाहेब जेसीबीचं चाक निरखत होते. त्यानं शिवप्पाकडं बघितलं. शिवप्पाचा हात खिशात गेला, मोबाइल निघाला, पण त्यानं तो उघडला नाही.

"काय झालंय हिला?" कुमारनं मला विचारलं.

मी म्हणलं, "तिलाच विचारा, भावजी. उभी ती हाय."

"अगं," तो जीपवरनं खाली वाकून, आवाज बारीक करून म्हणाला, "झाडून सगळ्यांनी ओवाळलंय मला तिथं. एका दारानं न्हाय म्हणलं का? एका तरी? मग मी येऊ नको म्हणजे काय? कोण म्हणतंय? नाव सांग त्याचं."

तो नाव विचारत होता आणि आख्खी गल्ली श्वास धरून उभी होती, नाव कुणाचं निघतंय म्हणून. अंगणवाडीतल्या पोरांना अक्षदा ज्या आवाजात हात धुवायला लावायची, त्याच आवाजात बोलली. चढवला नाही, उतरवला नाही, शेवटच्या दारापर्यंत गेला.

"मी म्हणते. माझं नाव घ्या. पाईप फुटला नव्हता. वॉल तुमी बंद केला व्हता. त्यांना ठाऊक हाय, ह्या सगळ्यांना ठाऊक हाय, मलाबी त्याच दिवशी ठाऊक झालं व्हतं. तुमी संगं आलाव की मी पडते. आन् मला पडायचं न्हाय."